लिंगोची गाथा सांगणारा तो कोण?

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली ओढा ओलांडताना बुडून वारले. त्यांच्या मागे राहिलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. गोंडांना विधिनियम देणाऱ्या लिंगोची दीर्घ गाथा त्यांत आहे आणि गोंडी मौखिक साहित्याच्या अभ्यासाला तेथूनच दिशा मिळाली. ही गाथा हिस्लॉप यांना एका परधानाने सांगितली होती. टिपणाऱ्याचे नाव राहिले, छापणाऱ्याचे राहिले. सांगणारा मात्र पुढच्या ग्रंथांतूनही 'एक परधान' एवढाच उरला.

परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी तालुक्यातले मुकुटबन आज चुनखडी, सिमेंट आणि वणीकडून आदिलाबादला जाणाऱ्या रेल्वेमुळे ओळखले जाते; पण हा सारा पट्टा मुळात गोंड, कोलाम आणि परधान यांचा. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबाद. राज्याची सीमा नदीवर थांबते. सोयरिकी, देवस्थाने आणि गाणी थांबत नाहीत.

परधानाचे वाद्य किंगरी. पोकळ लाकडावर कातडे ताणलेले, तीन तारांचे आणि गजाने वाजवायचे. एकेका परधान घराण्याकडे ठरावीक गोंड कुळे असतात. त्या कुळाच्या देवाची पूजा, लग्न, मृत्यूनंतरचे विधी अशा प्रसंगी त्याने जायचे, किंगरी लावायची आणि कुळाची कथा सांगायची. कोण चारदेवे, कोण सातदेवे, कोणाचे मूळ कुठले, देव कोणत्या वाटेने आला, हे सारे तो सांगतो. बदल्यात धान्य, कापड, कधी गुरे मिळत. लग्न कोणात होऊ शकते आणि कोणात नाही, याचा हिशेबही याच कथांत असल्यामुळे परधानाचे गाणे हे गोंड समाजाचे दफ्तर आहे.

ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादकडच्या मार्लवाई गावी राहून राजगोंडांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९४८ साली आला. तिकडच्या परधानांबद्दलची त्यांची एक नोंद मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. हे परधान घरात मराठी बोलत आणि कुळांपुढे गात ते गोंडीत. म्हणजे गोंडी महाकाव्य पिढ्यान्‌पिढ्या मराठीभाषक वादकांनीही सांभाळले आहे.

मग परधान केवळ पाठांतर करणारा, की रचनाकारही? कथेची चौकट आणि वंशावळ ठरलेली असते. त्यात चूक झाली तर ऐकणारे टोकतात. पण पद किती लांबवायचे, मध्येच गद्यात अर्थ कुठे सांगायचा, किंगरीला एकटीला कुठे बोलू द्यायचे, हे त्या रात्री तो वादक ठरवतो. प्रत्येक सादरीकरण थोडे नवे असते. तरी त्यावर तो आपले नाव घालत नाही, कारण कथा कुळाची असते.

मेक्सिकोतले एक आयुष्य याच्या शेजारी ठेवून पाहावे. हुआन रेनोसो (१९१२–२००७) हा गेरेरो प्रांतातला व्हायोलिनवादक. 'तिएरा कालिएन्ते' म्हणजे उष्ण प्रदेशातल्या लोकसंगीताचा तो मोठा वादक आणि रचनाकार. संगीत त्याच्या कानात होते, कागदावर नव्हते. पण त्याचे वादन ध्वनिमुद्रित झाले, रचना त्याच्या नावावर नोंदल्या गेल्या आणि १९९७ साली त्याला देशाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणून त्याचे चरित्र लिहिता येते.

आपल्याकडेही परधानाला नाव मिळाले, पण ते वाद्य बाजूला राहिल्यावर. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे जनगढसिंह श्याम परधान होते. तिकडच्या परधानांचे वाद्य बाना. जनगढ यांनी कागदावर देव रंगवले, १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे गेली आणि ते जगभर माहीत झाले. चित्राखाली सही असते. रात्रभराच्या गाण्याखाली नसते.

किंगरी मागे पडण्याचे कारणही तिच्या रचनेतच आहे. तिला मैफल नाही. तिला यजमान कूळ लागते. कुळाच्या घरी धान्य उरेनासे झाले, विधी आखूड झाले, की बोलावणे येत नाही. शिकलेल्या मुलाला दुसऱ्याच्या दारी जाऊन वाजवणे भिक्षेसारखे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

कचारगडची कथा सर्वज्ञात आहे. गुहेत कोंडलेल्या मुलांना हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनी बळ आले, त्यांनी दारावरची शिळा ढकलली आणि तिच्याखाली सापडून तो स्वतः गेला. गोंडांच्या स्मरणात वादकाचे नाव आहे. ते गळते आपल्या नोंदींत. यापुढे मुकुटबनच्या परिसरात कोणी किंगरी ध्वनिमुद्रित करील, त्याने कथेच्या आधी चार गोष्टी लिहाव्यात: वादकाचे नाव, गाव, तो कोणत्या कुळांसाठी वाजवतो आणि कोणाकडून शिकला. हिस्लॉप यांच्या टिपणांत राहिलेली उणीव निदान पुन्हा राहू नये.