मुसीकाठची सिटी हायस्कूल : एका शाळा-इमारतीचा इतिहास

शिरूर अनंतपाळ हे आज लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. हा तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला; खुद्द लातूर जिल्हा १९८२ चा. त्यापूर्वीचा इतिहास पाहिला तर या भागातील निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत असत आणि सर्वांची राजधानी होती हैदराबाद. कोर्टकचेरी असो, नोकरी असो वा उच्च शिक्षण असो, येथील माणसाची वाट अखेर हैदराबादेसच जात असे. म्हणूनच मुसी नदीच्या काठी उभ्या असलेल्या एका शाळा-इमारतीचा इतिहास मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासाशी निगडित आहे.

ही इमारत म्हणजे हैदराबादची सिटी हायस्कूल, आजचे शासकीय सिटी कॉलेज. या शाळेचे मूळ पहिले सालारजंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्थापन केलेल्या दारुल-उलूम या विद्यालयापर्यंत नेले जाते. इमारतीची कथा मात्र एका महापुरापासून सुरू होते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या पुराने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला व हजारो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर पूरनियंत्रणाची योजना तयार करण्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय त्या योजनेचेच फलित होय. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले आणि नदीचे दोन्ही काठ सार्वजनिक इमारतींसाठी विकसित होऊ लागले. दक्षिण काठावर उच्च न्यायालय व सिटी हायस्कूल, उत्तर काठावर उस्मानिया रुग्णालय अशी ही मांडणी आहे. न्याय, शिक्षण आणि आरोग्य ही राज्याची तीन कर्तव्ये नदीच्या दोन्ही तीरांवर जणू समोरासमोर बसविली गेली.

या इमारतींचे वास्तुशास्त्रज्ञ व्हिन्सेंट एश हे होते. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बांधकामाची देखरेख त्यांच्याकडे होती. १९१४ च्या सुमारास ते निजाम सरकारच्या सेवेत आले. काचीगुडा रेल्वे स्थानकही त्यांचेच. विलायती बांधकामतंत्र आणि दख्खनच्या जुन्या वास्तूंतील घुमट, कमानी, छज्जे यांचा मेळ घालणे हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य मानले जाते. शाळेसाठी एवढी भव्य वास्तू कशासाठी, असा प्रश्न एखाद्या पंचायत सदस्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. राजधानीतील शाळा ही राज्याच्या प्रतिष्ठेची खूण आहे, असे त्या काळच्या राज्यकर्त्यांना वाटत असावे. गावोगावच्या शाळा मात्र त्याच काळात देवळात, चावडीत किंवा एखाद्याच्या ओसरीवर भरत होत्या, हेही विसरून चालणार नाही.

१९२१ मध्ये शाळा या नव्या वास्तूत आली. त्याच वर्षी तेथे इंटरमीजिएटचे वर्ग सुरू झाले व ते उस्मानिया विद्यापीठास जोडण्यात आले. १९२९ मध्ये संस्थेला सिटी कॉलेज हे नाव मिळाले.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे आधुनिक विद्यापीठ होते. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग काढून विज्ञान, इतिहास, कायदा, वैद्यक अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले आणि परिभाषा घडविली गेली. परक्या भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची शक्ती वाया जाते, ही त्यामागची भूमिका होती आणि ती योग्यच होती. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. सुमारे एक चतुर्थांश लोक मराठी बोलत. उर्दू ही मातृभाषा असणारे दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होते. निलंगा-उदगीरकडच्या मुलाने प्राथमिक शाळेत मराठी गिरवावी आणि पुढे गणित, भूगोल, इतिहास उर्दूतून शिकावा, अशी ही व्यवस्था होती. ज्या युक्तिवादाने इंग्रजी दूर सारली, तोच युक्तिवाद मराठी मुलाच्या बाबतीत लागू करण्यात आला नाही. वर्गाच्या दारापर्यंत पोचलेल्या मुलांपैकी कितीजण या भाषेच्या उंबरठ्यावर अडखळले असतील याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

या उणिवेतूनच खाजगी शाळा निघाल्या. मुसीच्या पलीकडे, जांबागेत, केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी ही मराठी मुलांची शाळा उभी राहिली; गुलबर्ग्यास १९०७ मध्ये नूतन विद्यालय निघाले. १९२१ मध्ये, म्हणजे सिटी हायस्कूल नव्या वास्तूत आली त्याच वर्षी, धाराशिव भागातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. तेथे घुमट नव्हते. पुढे स्वामी रामानंद तीर्थ याच शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

सिटी कॉलेजचे वर्गही शांत राहिले नाहीत. उर्दूतील ख्यातनाम कवी मख्दूम मोहिउद्दीन यांनी १९३९ पासून काही काळ येथे अध्यापन केले. नरहर कुरुंदकर येथेच शिकले. हिंगोलीकडच्या कुरुंदा गावचा हा विद्यार्थी पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य आणि मराठीतील मान्यवर विचारवंत झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर उर्दू माध्यम मागे पडून इंग्रजी आली. १९५२ च्या सप्टेंबरात मुल्की आंदोलनाच्या वेळी या परिसरात गोळीबार होऊन काहीजण मृत्युमुखी पडले व त्याची न्यायालयीन चौकशी झाली. नोकरी कोणाला मिळावी, हा त्या आंदोलनाचा प्रश्न होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि विद्यार्थ्यांची वाट बदलली. १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये, तर उदगीरला महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ १९९४ चे. शिरूरच्या मुलाला आता मुसीकाठ गाठण्याची गरज उरली नाही.

जुन्या व्यवस्थेची खूण मात्र दप्तरांत शिल्लक आहे. २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकालीन नोंदी तपासण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा तहसील कार्यालयांना उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. एके काळी ज्या भाषेवाचून तलाठ्याचे व शिक्षकाचे पान हलत नसे, ती वाचणारे आता मोजकेच उरले आहेत. सिटी कॉलेजचे वर्ग मात्र त्याच वास्तूत आजही भरतात.