मुंबईत उतरवलेली दोन विमाने
लेखमाला : आकाशाची हद्द (भाग ५)

सीमाभंग म्हटले की कच्छ किंवा लडाख आठवतो. डोलवी-वडखळच्या माणसाला वाटते, यात आपला काय संबंध? पण देशाची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर समुद्रात जाते आणि त्या पाण्यावरचे आकाशही आपलेच असते. अरबी समुद्रावरून येणाऱ्या विमानाच्या दृष्टीने रायगड-मुंबईचा किनारा हीच सीमा. हवाई दलाने खाली उतरायला लावलेली दोन गाजलेली विमाने मुंबईतच उतरली होती.

पहिले अँतोनोव्ह-२६. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालातल्या पुरुलियात शस्त्रांच्या पेट्या पॅराशूटने टाकून ते निसटले. चार-पाच दिवसांनी थायलंडच्या फुकेतहून परतताना ते पुन्हा भारतावरून निघाले आणि सापडले. त्यातले पाच विमान कर्मचारी आणि ब्रिटिश शस्त्रविक्रेता पीटर ब्लीच पकडले गेले. मुख्य आरोपी किम डेव्ही मात्र विमानतळावरूनच पसार झाला. अख्खे विमान धरायचे आणि नेमका हवा तो माणूस हातोहात निसटायचा, ही कमाल आपल्याकडेच होऊ जाणे!

२००० साली पकडलेल्या सहाही जणांना जन्मठेप झाली, आणि तिथून राजनयाचा खेळ सुरू झाला. मूळ लाटव्हियाच्या कर्मचाऱ्यांनी रशियाचे नागरिकत्व घेतले होते. मॉस्कोच्या विनंतीवरून त्याच वर्षी राष्ट्रपतींनी त्यांना माफी दिली. ब्रिटनने विषय लावून धरला आणि २००४ मध्ये ब्लीचही घरी गेला. डेव्ही ऊर्फ नील्स होल्क हा डेन्मार्कचा नागरिक. २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला भारताच्या ताब्यात द्यायला नकार दिला, तेव्हा दिल्लीने डेन्मार्कशी व्यवहार आखडता घेतला. २०२४ मध्येही तिथून नकारच आला.

दुसरे विमान जून २००९ मधले. अमेरिकी सैन्याने भाड्याने घेतलेले महाकाय अँतोनोव्ह-१२४ दिएगो गार्सियाहून कंदाहारला लष्करी सामान घेऊन निघाले होते. नागरी परवानगी होती, पण लष्करी मालासाठी लागणारी वेगळी मंजुरी नव्हती, म्हणून ते मुंबईत उतरवले गेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या शिकागो कराराचे कलम ३५ याबाबत स्पष्ट आहे: युद्धसामग्री ज्या देशावरून न्यायची, त्याची संमती हवी, मग विमान खासगी कंपनीचे का असेना. धरमतरच्या जेटीला लागणाऱ्या बार्जवरचा मालसुद्धा कुणाचा, कुठून आला, हे कागदावर असावे लागते. इथे तर लष्करी सामानाचा मामला. तपासणी झाली, दूतावासामार्फत कागद पुरे झाले आणि विमान पुढे रवाना झाले. राजदूताला पाचारण नाही की निषेधखलिता नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या हवाई दलाचे विमान चीनकडे जाताना कोलकात्यात अडकले. आत न सांगितलेली शस्त्रे होती. अमिरातीने चूक झाल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली आणि तेही सुटले.

आता ही तिन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. कलमे पुस्तकात तीच असतात, पण सूर किती चढवायचा हे विमान कुणाचे आणि मागे कोण उभे आहे, यावर ठरते. मित्रदेशाचे असेल तर ती ‘कागदपत्रांतली त्रुटी’. पाकिस्तानचे असेल तर तोच प्रकार ‘घुसखोरी’. म्हणूनच भारत आणि पाकिस्तानने एप्रिल १९९१ मध्ये करार करून लढाऊ विमाने सीमेपासून १० किलोमीटर लांब ठेवायचे ठरवले. मित्राला सूट देणे मला समजू शकते. पण पुरुलियात शस्त्रे टाकणाऱ्यांना माफी देणे ही सवलत नव्हती, तो सौदा होता, आणि तो महागात पडला: खटल्यातले सहा आरोपी सुटले आणि सातवा कधी भारतीय न्यायालयासमोर आलाच नाही.

पुढच्या भागात : ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छ सीमेवर पाडलेले पाकिस्तानी अटलांटिक विमान, आणि त्याबद्दल पाकिस्तानने आणलेला दावा ऐकण्याचा आपल्याला अधिकारच नाही, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी का ठरवले.