रंगाच्या आधी ओल, ओलीच्या आधी कागद

आई गेल्यावर कोथरूडचं घर सात-आठ महिने बंदच होतं. ते विकायचं ठरवून दादा आणि मी श्रावणात कुलूप काढलं, तर दारातच गटाराचा वास आला. दादा म्हणाला, "ड्रेनेज तुंबलंय, प्लंबरला फोन कर." प्लंबर आला, पण तुंबलेलं काहीच नव्हतं. नाहणीच्या जाळीखाली पाइपाला एक वाकण असतं आणि त्यात थोडं पाणी कायम साचलेलं राहतं. गटारातली हवा आणि झुरळं त्या पाण्यामुळेच वर येत नाहीत. घर बंद राहिलं की ते पाणी उडून जातं. आम्ही नाहणीत, बेसिनमध्ये, ओट्याच्या सिंकमध्ये तांब्या-तांब्या पाणी ओतलं आणि खिडक्या उघड्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी वास नव्हता. तेव्हापासून दर रविवारी जाऊन पाणी ओतायचं काम मी अंगावर घेतलं.

मी सत्तावीस वर्षं बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली. घर बघायला आलेलं कुटुंब भिंतींचा रंग पाहतं, खिडकीतून वारा येतो का ते पाहतं आणि पसंती कळवतं. त्यानंतर त्यांच्या बँकेचा वकील फाइल उघडतो, आणि बहुतेक व्यवहार अडतात ते तिथे. म्हणून एजंटनं "आधी रंग काढून घ्या, ताई" असं सांगितलं तरी मी आधी वडिलांची, म्हणजे अण्णांची, ट्रंक उघडली.

ट्रंकेत एक खाकी पाकीट होतं. १९८६ चा नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती, बिल्डरला दिलेल्या पैशांच्या पावत्या, भोगवटा पत्राची प्रत. अण्णा पोस्टात होते, कागद जपायची त्यांना सवय होती. शेअर सर्टिफिकेट मात्र मिळेना. सोसायटीचे पन्नास रुपयांचे पाच शेअर, म्हणजे अडीचशे रुपयांचा कागद, पण त्याच्याशिवाय सहकारी सोसायटीतला फ्लॅट पुढे सरकत नाही. हरवला असता तर पोलिसांत तक्रार, हमीपत्र, सोसायटीचा ठराव आणि मग दुय्यम प्रत, एवढं सगळं करावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी तो आईच्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सापडला. तिनं तो नीट ठेवला होता, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या कागदाच्या मागच्या बाजूला अण्णांनंतर आईचं नाव चढलेलं होतं, आणि आईनं नॉमिनी म्हणून एकट्या दादाचं नाव दिलं होतं. सोसायटीतले एक जुने सभासद आपुलकीनं म्हणाले, "मग काय, मुलाच्या नावावर करून टाकू, तो एकटाच सही करेल." हा गैरसमज मी नोकरीत शेकडो वेळा ऐकला आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीनं कुणाशी व्यवहार करायचा एवढंच त्या नावावरून ठरतं, मालकी वारसांचीच राहते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "दोघांच्या सह्या होतील. हिच्याशिवाय मी विकणार नाही." घर विकताना भावंडांमध्ये काय काय होतं ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे, म्हणून ते वाक्य मला फार मोठं वाटतं.

आमच्या वकीलबाईंनी वारस दाखला काढून ठेवायला सांगितलं. महाराष्ट्रात हा दाखला दिवाणी न्यायालय देतं, तो १८२७ च्या मुंबई विनियमाखाली. पेशव्यांचं राज्य जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा तो नियम आजही चालतो. अर्ज, जाहीर नोटीस, हरकतींची मुदत यात काही महिने जातात. प्रत्येक बँक हा दाखला मागतेच असं नाही, पण खरेदीदाराची बँक मागेल तेव्हा अर्ज करायला धावलं तर तो खरेदीदार थांबत नाही. म्हणून घर दाखवायच्या आधीच आम्ही अर्ज केला.

बाकीचे कागद पटापट झाले. मालमत्ता कराची ताजी पावती, महावितरणचं थकबाकी नसलेलं बिल, सोसायटीचं ना हरकत पत्र. हस्तांतरण शुल्काबद्दल मात्र एक गोष्ट सांगते. महापालिका हद्दीत सोसायटीला त्यासाठी जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये घेता येतात, असं २००१ च्या शासन परिपत्रकात स्पष्ट आहे. 'इमारत निधी' किंवा 'देणगी' या नावाखाली त्याहून जास्त मागितलं तर नम्रपणे परिपत्रकाची प्रत पुढे ठेवावी. आम्हाला ठेवावी लागली, आणि विषय तिथेच संपला.

आता ओल. पश्चिमेकडच्या खोलीत, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर, रंगाचे पोपडे सुटले होते. लांबी भरून वर रंग मारला की दोन महिने कुणाला कळणार नाही, असं मला दोघांनी सुचवलं. त्यांना ते वाईट वाटत नव्हतं, बाजारात असंच चालतं. मला ते पटलं नाही. समोरचा माणूस वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन ती भिंत विकत घेतो.

आमच्या रंगाऱ्यानं एक साधी युक्ती केली. प्लॅस्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली. दोन दिवसांनी तुकड्याच्या आतल्या बाजूला थेंब होते, म्हणजे पाणी हवेतलं नव्हतं, भिंतीतून येत होतं. मग प्लंबरनं नाहणीचं तोंड बंद करून न्हाणीघरात दोन इंच पाणी तुंबवलं आणि चोवीस तास ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी संध्याकाळीच हाक मारली. त्यांच्या छतावर डाग पसरत होता. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला सांगून सांगून मी थकले होते, पण ती आजारी होती, मग गप्प बसले." मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

भिंत फोडल्यावर जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप निघाला, गंजून चाळणी झालेला. त्या काळच्या इमारतींत सगळीकडे हेच पाइप आहेत आणि आता त्यांचं आयुष्य संपलेलं आहे. पाइप बदलला, फरशांच्या सांधी खरवडून एपॉक्सीनं भरल्या आणि पुन्हा पाणी तुंबवून पाहिलं. या वेळी डाग वाढला नाही. गच्चीतून गळत असेल तर तो खर्च सोसायटीचा असतो, पण आपल्या न्हाणीघरातून गळलं तर ते आपणच निस्तरायचं. काकूंचं छतही आम्हीच रंगवून दिलं.

त्यानंतर खरी परीक्षा वाट पाहण्याची होती. ओली भिंत वाळायला आठवडे लागतात, आणि ओलीवर मारलेला रंग पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. आम्ही खिडक्या उघड्या ठेवून पंखे चालू ठेवले आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, रंग काढला. घर ऑगस्टमध्ये दाखवता आलं असतं. ते तीन महिने वाया गेले असं मला आजही वाटत नाही.

पितृपक्षात घर बघायला कुणी येत नाही, म्हणून तो पंधरवडा आम्ही सामान काढायला ठेवला. माळ्यावरून पितळी डबे आले, पाटा-वरवंटा आला, आईचं शिवणयंत्र आलं. अण्णांचे दिवाळी अंक एका वाचनालयाला दिले. वहिनी नाशिकहून येऊन चार दिवस राहिली आणि तिनं प्रत्येक भांडं हातात घेऊन विचारलं, "हे ठेवायचं का गं?" घाई करू नका, एवढंच मी सांगेन. देव्हारा आम्ही सगळ्यात शेवटी हलवला आणि दादा देव नाशिकला घेऊन गेला. दिवाणखान्याच्या छताला पाळण्याचा हुक आहे. तो कापून टाका, जुनाट दिसतो, असं एजंट म्हणाला होता. आम्ही तो राहू दिला.

नवा ओटा, नव्या फरशा, फर्निचर यांवर आम्ही एक रुपयाही घातला नाही. घेणारा स्वयंपाकघर स्वतःच्या पसंतीनं करतो. आपण केलेलं तो फोडतो आणि आपला पैसा राडारोड्यात जातो. गळके नळ, सैल कड्या, पावसानं फुगलेलं न्हाणीघराचं दार, काळे पडलेले स्विच आणि जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी एवढंच केलं. घर पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून लोकांना दुपारी चारनंतर बोलावलं. सकाळी खोल्या अंधाऱ्या दिसतात, आणि हेही आम्ही विचारणाऱ्याला सांगितलं.

आणखी दोन गोष्टी आपण होऊन सांगितल्या. अण्णांनी १९९४ मध्ये माझ्या अभ्यासासाठी मागची बाल्कनी बंद करून घेतली होती. मंजूर नकाशात ती उघडीच आहे, आणि बँकेचा मूल्यांकन करणारा टेप घेऊन येतो तेव्हा हे दिसतंच. दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. जुन्या करारनाम्यात आकडा बिल्टअपचा असतो, आता लोक कार्पेट विचारतात. आम्ही भिंतीच्या आतून माप घेऊन तोच आकडा जाहिरातीत दिला. फोन कमी आले, पण आलेल्या माणसांनी मापावरून वाद घातला नाही.

पैशांबाबत तीन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराला एक टक्का टीडीएस कापावा लागतो, तेव्हा विकणाऱ्या सगळ्यांचं पॅन आधार जोडून तयार हवं. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवसाचं मूल्य धरून भांडवली नफा काढता येतो, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल विक्रीपूर्वीच घ्यावा. आणि रोख रक्कम घेऊ नये. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि दोघांही भावंडांना त्यानंतर शांत झोप लागणार नाही.

घर एका तरुण जोडप्यानं घेतलं. त्या मुलीला सातवा महिना होता. नवऱ्यानं खुर्चीवर चढून पाळण्याचा हुक दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि पक्का आहे म्हणाला. किल्ल्यांबरोबर मी त्यांना एक दोनशे पानी वही दिली. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, पाणी किती वाजता येतं, नवा पाइप भिंतीत कुठून नेला आहे, काकूंच्या छताचं काय झालं होतं, सगळं तीत लिहिलं आहे.

तुमचं घर आज विकायचं नसेल, तरी आज रात्री आई-वडिलांजवळ बसा. शेअर सर्टिफिकेट कुठे ठेवलंय ते विचारा, ते उलटं करून मागच्या बाजूला कुणाचं नाव आहे ते वाचा, आणि नॉमिनी कोण आहे ते सगळ्या भावंडांसमोर एकदा मोठ्यानं सांगा.