हाक एकीला, ओ दुसरीची

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात आमचा स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड तापाच्या रुग्णांनी इतका भरला होता की काही जणी जमिनीवर गादी टाकून होत्या. नर्सिंगच्या एका नव्या विद्यार्थिनीने ट्रे घेऊन दारातूनच विचारले, "सुनीता कोण?" पहिल्या खाटेवरच्या बाईंनी हात पुढे केला. इंजेक्शन पेनिसिलिनचे होते, लेप्टोच्या रुग्णासाठी. या बाईंच्या केसपेपरवर मात्र लाल शाईत लिहिले होते : पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. सिस्टरांचे वेळीच लक्ष गेले, म्हणून निभावले. खरी सुनीता खिडकीजवळ झोपली होती.

ही आठवण परवा रेडिओलॉजी विभागात पुन्हा जागी झाली. सीटी स्कॅनचे काप जोडून हाडाचे त्रिमितीय चित्र दाखवणारा तिथला संगणक लिनक्सवर चालतो. नवे सॉफ्टवेअर टाकल्यापासून चित्र उघडताच ते बंद पडू लागले. दुसऱ्या दिवशी खुब्याच्या अवघड फ्रॅक्चरचे ऑपरेशन होते आणि सर्जन चित्रासाठी थांबले होते. दुरुस्तीला आलेला तरुण अभियंता म्हणाला, "सर, आत एकाच नावाची दोन फंक्शन्स आहेत. हाक मारली एकाला, ओ दिली दुसऱ्याने."

हे नेमके काय असते? पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम ग्राफिक्स ड्रायव्हर करतो. लिनक्सवर यासाठी 'मेसा' हा मुक्त स्रोत संच सर्रास वापरला जातो. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि १९९५ मध्ये तो लोकांसाठी खुला केला. असा ड्रायव्हर म्हणजे लायब्ररी, म्हणजेच तयार फंक्शन्सचा साठा. प्रत्येक फंक्शनला नाव असते. त्याला 'सिम्बॉल' म्हणतात. सॉफ्टवेअर सुरू झाले की त्याच्या आणि ड्रायव्हरच्या लायब्रऱ्या एकाच वॉर्डात दाखल होतात. कोणी एखादे नाव पुकारले की संगणक ठरलेल्या क्रमाने शोधतो आणि त्या नावाचे जे पहिले सापडेल ते कामाला लावतो. पहिल्या खाटेवरची सुनीता!

मेसाचे काही ड्रायव्हर 'एलएलव्हीएम' नावाचा संच वापरतात. चित्राच्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवायला तो लागतो. आमच्या नव्या सॉफ्टवेअरनेही त्याच संचाची जुनी प्रत सोबत आणली होती. नावे तीच, आतली रचना वेगळी. ड्रायव्हरने आपल्या फंक्शनला हाक मारली, उत्तर जुन्या प्रतीकडून आले आणि सारे कोसळले.

उपाय साधा आहे. बाहेरच्यांना लागतात तेवढीच नावे दारावरच्या पाटीवर ठेवायची. आतल्या वापराची खासगी नावे झाकायची. ही सोय 'जीसीसी' या कंपायलरमध्ये २००५ च्या ४.० आवृत्तीपासून नीट मिळू लागली. झाकलेले नाव बाहेर कोणाला सापडत नाही आणि ड्रायव्हरची आतली हाक आतच पोहोचते. पाटीवर नावे कमी, म्हणून शोधही लवकर संपतो. वैद्यकीय चित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'व्हीटीके' या संचात दुसरी युक्ती आहे : सोबत आणलेल्या लायब्रऱ्यांतील नावांना तो आपला उपसर्ग जोडतो, जसे आपण नावापुढे आडनाव लावतो.

मुक्त स्रोत म्हणायचे आणि लपवायचे, हे कसे? मीही हेच विचारले. पण येथे झाकतात ती हाक मारण्याची सोय. मूळ मजकूर कोणीही वाचू शकतो, बदलूही शकतो. अर्थात झाकण्यातही तारतम्य हवे. गरजेचे नाव झाकले गेले, तर सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. आतल्या नावावर कोणी परस्पर विसंबले असेल, तर त्याचे काम अडते. म्हणून मेसामध्ये पाटीवर नेमकी ठरलेलीच नावे आहेत ना, हे तपासणारी चाचणीही ठेवलेली आहे.

अभियंत्याने आतली नावे झाकलेला ड्रायव्हर बसवला. संध्याकाळी चित्र उघडले आणि सर्जनना तुटलेल्या हाडाचे तुकडे मोजता आले.

रुग्णालयासाठीही नियम हाच. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितले आहे की, रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी आणि खोलीचा क्रमांक त्यात धरू नये. तेव्हा इंजेक्शन, रक्त किंवा तपासणीआधी नुसत्या नावाला 'हो' म्हणू नका. पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा केसपेपरचा नंबर स्वतः सांगा, अ‍ॅलर्जी असेल तर तीही सांगा. कोणी विचारले नाही, तर तुम्ही विचारा, "हे माझेच ना?" यात संकोच कसला? त्या दिवशी सिस्टरांनी नेमके एवढेच विचारले होते.