बंडखोर बाई, पिन कोड 110066

दिल्लीचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आर. के. पुरमला खेटून, भीकाजी कामा प्लेसला आहे. आता गंमत बघा. ज्या बाईंचं नाव या संकुलाला दिलंय, त्यांनाच इंग्रज सरकारने जवळजवळ तीन दशकं मायदेशी पाऊल ठेवू दिलं नव्हतं!

मादाम कामा मुंबईच्या पारशी. 22 ऑगस्ट 1907 ला जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत त्यांनी भारताचा झेंडा फडकवला, हे आपण शाळेत घोकलंय. पुढे 1962 च्या प्रजासत्ताक दिनी त्यांचं टपाल तिकीट निघालं, तटरक्षक दलाच्या एका जहाजालाही त्यांचं नाव लागलं. 24 जून 1935 चं पत्र मात्र सहसा कुणी काढत नाही. पक्षाघाताने खचलेल्या बाईंनी पॅरिसहून लिहून दिलं, की राजद्रोही कारवाया सोडते. तेव्हा कुठे परवानगी मिळाली. नोव्हेंबरात मुंबई गाठली आणि नऊ महिन्यांत गेल्या. माझ्या मते त्या पत्राने त्यांची उंची तसूभरही कमी होत नाही. पण सरकारी पुतळ्यांना दमायची परवानगी नसते.

तो झेंडा इंदुलाल याज्ञिकांनी चोरून भारतात आणला. तो आज पुण्यात, केसरी-मराठा ग्रंथालयात आहे. वर हिरव्या पट्ट्यात आठ कमळं, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’, खाली लाल पट्ट्यात सूर्य आणि चंद्रकोर. आराखडा कुणाचा? सावरकरांपासून हेमचंद्र कानूनगोंपर्यंत दावेदारांची रांग आहे. मोठ्या झेंड्याला बाप फार असतात.

भीकाजी कामा प्लेसच्या शेजारची सरोजिनी नगर, नेताजी नगर, लक्ष्मीबाई नगर, नौरोजी नगर ही सगळी बाबूंच्या क्वार्टर्सची वस्ती. यातला बराच भाग पूर्वी नुसता विनय नगर होता, बाबूंना शोभेलसा. मग देशभक्त आले. तांब्यांची मनू, म्हणजे लक्ष्मीबाई, सरकारशी लढता लढता गेली, आणि तिच्या नावावर आता सरकारी घरं वाटली जातात. दादाभाई नौरोजींची तर कमालच. देशाची संपत्ती कशी बाहेर वाहून जाते, याचा हिशोब मांडण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या नगरातल्या जुन्या क्वार्टर्स पाडून तिथे उभं राहिलं वर्ल्ड ट्रेड सेंटर! त्यातली जागा विकून आसपासच्या वसाहतींच्या नव्या इमारतींचा खर्च भागवायचा, असा बेत.

नावांचा हा खेळ एकाच पक्षाचा आहे, असं समजू नका. काँग्रेसच्या काळात वसाहती नटल्या. पुढे 2015 मध्ये औरंगजेब रोडला अब्दुल कलामांचं नाव मिळालं, 2016 मध्ये रेसकोर्स रोड लोक कल्याण मार्ग झाला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालेलं तर आपल्या घरातलंच उदाहरण.

भीकाजी कामा प्लेसच्या अगदी बगलेला मोहम्मदपूर गाव आहे. गावात एक मध्ययुगीन मकबराही आहे. एप्रिल 2022 मध्ये भाजपच्या दिल्लीतल्या नेत्यांनी तिथे वाजतगाजत ‘माधवपुरम’ अशी पाटी लावली. दक्षिण दिल्ली महापालिकेने तसा ठराव आधीच केला होता, पण दिल्ली सरकारची मोहोर उमटली नव्हती. पाटीसाठी तिची वाट बघायची गरज कुणाला वाटली नाही. निवडणुकीच्या राजकारणात पाटी पुरते. आणि हे सगळं घडलं त्या कामाबाईंच्या शेजारात, ज्यांनी एकाच पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर दोन्ही ठेवले होते.