समजून घ्या : एक मॉड्यूल बंद पडले, तरी व्हॉल्व्ह जागेवर कसा राहतो?

सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर. त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी. एवढ्या मोठ्या योजनांत व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे कंट्रोलरवर सोपवता येते.

काम कसे चालते?
कंट्रोलरचा आकडा ॲनालॉग आउटपुट मॉड्यूल विजेच्या प्रवाहात बदलते. साधारणपणे ४ मिलिअँपिअर म्हणजे व्हॉल्व्ह बंद, १२ म्हणजे अर्धा, २० म्हणजे पूर्ण उघडा. सुरुवात शून्यापासून नाही, कारण प्रवाह शून्यावर आला की बिघाड लगेच कळतो.

दोन मॉड्यूल कशाला?
एकुलते मॉड्यूल बिघडले, तर रचनेनुसार व्हॉल्व्ह बंद होऊ शकतो किंवा सताड उघडू शकतो. मोठा व्हॉल्व्ह झटकन बंद झाल्यास पाण्याच्या दणक्याने जलवाहिनी फुटण्याची भीती. म्हणून रिडंडंट पद्धतीत दोन मॉड्यूल एकाच व्हॉल्व्हला जोडतात. काही प्रणालींत दोन्ही निम्मा-निम्मा भार उचलतात : १२ साठी ६ आणि ६. एक बंद पडताच दुसरे पूर्ण १२ देते.

मेख कुठे?
दोन्ही एकाच पॉवर सप्लायवर असतील, तर एका बिघाडात दोन्ही गप्प. त्यामुळे निविदेत ‘रिडंडंट’ लिहिणे पुरेसे नाही. यंत्रणा चालू असताना एक मॉड्यूल काढून चाचणी घेतली का, हे विचारायला हवे.