हृदयविकार असलेल्या कुत्र्याची घरी देखभाल

मे 2024 मध्ये दिल्लीतील एका खाजगी प्राणी रुग्णालयात 7 वर्षांच्या बीगल कुत्रीच्या हृदयातील गळकी झडप दुरुस्त करण्यात आली. छाती पूर्ण उघडावी लागली नाही. धडधडत्या हृदयातच झडपेला चिमटा बसवला गेला. पंचकुला तिथून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर आहे. तरीही पंचकुल्यात ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे, त्यांतील बहुतेकांसाठी हा उपाय खर्चामुळे दूरच राहतो. त्यांच्या हाती असतात गोळ्या, घड्याळ आणि एक वही. या पाठात आपण तीच देखभाल आणि तिच्यामागचे कारण पाहू.

कुत्र्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा हृदयविकार द्विदल (मायट्रल) झडपेचा आहे. ही झडप डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामध्ये असते. वयानुसार ती जाड होते, नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे अलिंदात जाते. अलिंद फुगते, त्याच्या मागच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि शेवटी पाणी फुप्फुसांत झिरपते. (डॉबरमनसारख्या मोठ्या जातींत मात्र झडपेपेक्षा हृदयाचा स्नायूच कमजोर होण्याचा आजार अधिक दिसतो.) फुगलेले अलिंद श्वासनलिकेच्या फांदीवर दाबते, म्हणून खोकला येतो. घरचे त्याला सर्दी समजून हळद-मध देत बसतात आणि त्यात महिने जातात.

आता मुख्य मुद्दा. फुप्फुसांत पाणी साचू लागले की ती ताठर होतात, प्राणवायू कमी मिळतो आणि शरीर श्वासांची संख्या वाढवून तूट भरते. हे झोपेतही घडते, आणि बऱ्याचदा धाप दिसण्याच्या आधी. म्हणून कुत्रा शांत झोपला असताना छाती वर-खाली होणे हा एक श्वास धरून 30 सेकंद मोजा आणि दोनने गुणा. स्वप्नात पाय हलवत असेल तर थांबा. मिनिटाला 30 पेक्षा कमी आकडा बहुधा ठीक असतो. पण त्याचा नेहमीचा आकडा 18 असेल आणि लागोपाठ दोनदा 32 आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पंचकुल्यात मे-जूनमध्ये पारा 40 अंशांच्या पुढे जातो. तेव्हा कुत्रा अंग थंड करण्यासाठीच धापा टाकतो, त्यामुळे दुपारची मोजणी फसवी ठरते. पहाटे किंवा कूलरच्या गारव्यात मोजा. फिरणेही सूर्य वर येण्याआधी, आणि वेग त्याने ठरवायचा.

औषधांपैकी फ्युरोसेमाइड साचलेले पाणी लघवीवाटे काढते. त्यामुळे कुत्र्याला खूप तहान लागते, रात्रीही बाहेर न्यावे लागते. लघवी नको म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणे ही घातक चूक आहे, मूत्रपिंडे बिघडतात. पिमोबेंडन हृदयाचे आकुंचन सुधारते आणि रक्तवाहिन्या सैल करते. ते जेवणाच्या तासभर आधी देतात. हृदय मोठे झालेले पण लक्षणे नसलेले 360 कुत्रे घेऊन केलेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधाने हृदय निकामी होणे सुमारे 15 महिने लांबले. म्हणजे खोकला नसतानाही तपासणीत हृदयातून खरखर ऐकू आली, तर इको करून घेण्यात अर्थ आहे. बरे वाटते म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. माणसांची आयबुप्रोफेन तर मुळीच नको.

पापड, फरसाण, चीज, लोणचे बंद. गोळी चीजमध्ये लपवण्याची सवय अनेकांना असते; त्याऐवजी बिनमिठाची उकडलेली कोंबडी वापरा. प्रथिने मात्र कमी करू नका, कारण या आजारात स्नायू झडतात.

मान ताणून, कोपरे बाहेर काढून उभा राहणारा, आडवा व्हायला तयार नसलेला, हिरड्या निळसर पडलेला कुत्रा सकाळपर्यंत थांबू शकत नाही. लुधियानाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ पंचकुल्याहून शंभरेक किलोमीटरवर आहे. ठरवून तपासणीला जायला ते अंतर चालते, अशा रात्री नाही. म्हणून रात्री ऑक्सिजन मिळणारे जवळचे ठिकाण आजच शोधा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

पुढे एक टप्पा असाही येतो की डोस वाढवूनही पाणी हटत नाही. तेव्हा वहीत श्वासांसोबत आणखी दोन नोंदी ठेवा: आज स्वतःहून जेवला का, आणि रात्री आडवा झोपू शकला का. त्याला शांतपणे निरोप देण्याबद्दल डॉक्टर आणि घरचे बोलायला बसतील, तेव्हा ती वही समोर असू द्या.